सत्तेचाळीस नंबरचा खण

देवीदास नाक्ती सकाळी कुणाला गुड मॉर्निंग म्हणत नसे. कतारमधल्या अल रुवैसजवळच्या त्या यार्डात पहाटे साडेपाचपासून दोनशे माणसं त्याच्या खिडकीसमोरून रांगेने पुढे सरकत. कुणी सलाम म्हणे, कुणी नमस्ते, मराठी पोरं 'काय काका, बरं ना?' म्हणून विचारत. देवीदासचं सगळ्यांना एकच उत्तर असे, "फोन." फोन घ्यायचा, खणात ठेवायचा, त्या खणाच्या नंबरचा पितळी बिल्ला हातावर ठेवायचा, की पुढचा.

यार्डात गॅसच्या टाक्या दुरुस्तीला येत. कितीही धुतली तरी टाकीच्या पोटात गॅसचा अंश राहतोच आणि त्याला एक ठिणगी पुरते, म्हणून गेटच्या आत फोन न्यायला बंदी होती. या नियमाशी देवीदासचं भांडण नव्हतं. अकरा वर्षं परांचीवर काढलेल्या माणसाला आगीशी मस्करी करू नये हे कुणी शिकवायला नको. त्याचं भांडण होतं ते नियमाच्या शेपटाशी. फोन बंद करूनच द्यावा, खणात पालथा ठेवावा आणि संध्याकाळी पाचपर्यंत त्याला कुणीही हात लावू नये, असं भिंतीवर तीन भाषांत लिहिलेलं होतं.

फोन बंद करायला माणसं विसरत, आणि देवीदास त्यांना विसरू देई. आवाज तेवढा बंद कर, असं नुसतं डोळ्यांनी सांगे. आणि खणात तो प्रत्येक फोन उताणा ठेवी, काच वर करून. मग दिवसभर त्या प्लायवूडच्या खणांत कुठे ना कुठे उजेड पडत राही. देवीदास गुडघा चोळत उठे, काचेवरचं नाव वाचे, चिठ्ठीवर वेळ लिहून फोनखाली सरकवी. संध्याकाळी फोन परत देताना खेकसे, "घरून तीनदा आला. दोन वाजता आला तो लई वेळ वाजत होता. आधी तिकडं बोल, मग जेव."

लोक म्हणत, गुडघा गेला म्हणून कंपनीने काकांना बसायचं काम दिलं. गुडघा गेला होता हे खरं. पण ती खुर्ची देवीदासने मागून घेतली होती, आणि मागताना साहेबापुढे हात जोडले होते. हात जोडणं हा त्याचा स्वभाव नव्हे. ते त्याने का केलं, हे यार्डात कुणालाच ठाऊक नव्हतं.

दोन हजार वीसच्या जूनमध्ये निसर्ग वादळ किनाऱ्याकडे निघालं होतं. टीव्हीवाले रात्रभर एकच घोकत होते, मुंबई, मुंबई. देवीदासने काय करावं? बोरिवलीच्या बहिणीला, शोभाला, फोन करून खिडक्या, पाणी, मेणबत्त्या यांवर अर्धा तास व्याख्यान दिलं. दिवेआगरच्या पलीकडे स्वतःची वाडी, तिथे वडिलांना केलेला फोन दोन मिनिटांचा. "आबा, वादळ मुंबईला चाललंय. आपल्याकडं काय, वाऱ्याचा एक झटका येईल नि जाईल." कोकणात जन्मलेल्या माणसानेच कोकण नकाशावर नसल्यासारखं बोलावं, याला काय म्हणावं! वादळ आलं ते थेट श्रीवर्धन-दिवेआगरावर.

देवीदास जन्मला तेव्हा आबांनी गोठ्यामागे एक माड लावला होता. पोराच्या नावाने माड लावायचा ही नाक्तींच्या घरची रीत, आणि ज्याच्या नावाचा माड त्याला विचारल्याशिवाय त्याला कोयता लावायचा नाही, हीही रीतच. तो माड वाढता वाढता गोठ्यावर कलला होता. त्या सकाळी वारा चढायला लागला तसे शेजारी म्हणाले, तोडा. देवीदासची बायको लता म्हणाली, मी सांगते ना, तोडा. आबा म्हणाले, "देव्याला विचारतो."

आबांनी अठरा वेळा फोन लावला. देवीदासचा फोन तेव्हा याच भिंतीतल्या एकशे बारा नंबरच्या खणात आवाज बंद करून पालथा पडला होता. माड कोसळला तेव्हा आबा गोठ्यात गाय सोडवत होते. गाय वाचली.

संध्याकाळी फोन हातात आला तोवर तिकडचे टॉवर आडवे झाले होते. बातमी अकराव्या दिवशी शोभाकडून कळली. आबांचं दहावंही उरकलं होतं, आणि करोनामुळे विमानं बंद. देवीदासने रुवैसच्या धक्क्यावर जाऊन मुंडण केलेल्या डोक्यावर समुद्राचं पाणी घेतलं आणि दुसऱ्या दिवशी परांचीवर चढला. रडला नाही. संतापला, आणि तो संताप पुढे कधी उतरलाच नाही.

चार वर्षांनी, डिसेंबरात, बंगालच्या उपसागरात आणखी एक वादळ धरत होतं. त्याचं अजून बारसं व्हायचं होतं. हवामानवाले त्याला नुसता कमी दाबाचा पट्टा म्हणत होते आणि नकाशावरचा बाण श्रीलंकेच्या उत्तर टोकाकडे, जाफन्याकडे दाखवत होते. यार्डात लंकेची तीसेक माणसं होती. त्यांतला सत्तेचाळीस नंबरचा बिल्ला हमजाचा. हमजा टाक्या आतून साफ करणारा, मावनेल्ला नावाच्या गावचा, अंगाने किरकोळ आणि बोलण्यात गोड. त्या सकाळी तो खिडकीपर्यंत फोनवर बोलतच आला.

"कोण, घरचं?" देवीदासने 'फोन' या शब्दाव्यतिरिक्त काही विचारलं म्हणून मागचे दोघे चकित झाले.

"बीवी है, मरियम," हमजा हसून म्हणाला. "डर गयी. मैं बोला, हमारे तरफ कुछ नहीं, सब जाफना जायेगा. घर में बैठो, अम्मी बीमार है, उसको बारिश में मत निकालो."

देवीदासचा पुढे केलेला हात तसाच राहिला. ते दोन मिनिटांचं बोलणं त्याने ओळखलं होतं, फक्त आज ते हिंदीत होतं. मागची रांग ओरडली, "यल्ला काका!" चला, आटपा. त्याने फोन घेतला आणि सत्तेचाळीस नंबरच्या खणात उताणा ठेवला.

साडेदहाला खणात उजेड पडला. मरियम. दहा मिनिटांनी पुन्हा. मग लागोपाठ. देवीदासने चिठ्ठीवर चार वेळा लिहिल्या आणि पाचव्यांदा पेन्सिल खाली ठेवली. त्याने लँडलाइन उचलून श्रेयसला फोन लावला.

श्रेयस यार्डचा सेफ्टी मॅनेजर. पुण्याचा, एकतीस वर्षांचा, दोन वर्षांच्या करारावर आलेला. मुलगा वाईट नव्हता. छापील फॉर्मच्या बाहेर पाऊल टाकायचं म्हटलं की तो जागचा हलत नसे, एवढंच.

"साहेब, सत्तेचाळीसला बाहेर काढा. हमजाला. घरून पाच वेळा फोन आला."

"काका, तो टाकीच्या आत आहे. त्याला काढायचं म्हणजे परमिट क्लोज करायचं, परत उघडायला दोन तास. आपण आधीच शेड्यूलच्या मागे आहोत. इमर्जन्सी काय आहे?"

"त्याच्या मुलखावर वादळ येतंय."

"मी बघितलंय ते. अजून साधं डिप्रेशन आहे, आणि नॉर्थला जातंय. फॉर्मवर दोनच कारणं आहेत काका. घरात मृत्यू, नाहीतर गंभीर अपघात."

"म्हंजे कुणी मेल्यावर फोन द्यायचा?"

"असं नका ना बोलू. पाचला बोलेल तो. काही होत नाही, इन्शाल्ला."

देवीदासने रिसीव्हर ठेवला. आपटलाच म्हणायचं. इथले पाच म्हणजे तिथले साडेसात, तोवर काळोख. सत्तेचाळीसमध्ये पुन्हा उजेड पडला. देवीदास उठला, एकदा भिंतीवरच्या तीन भाषांकडे बघितलं, आणि चार वर्षांत पहिल्यांदा त्याने दुसऱ्याच्या फोनला उत्तर दिलं.

आधी नुसता पाऊस ऐकू आला. पत्र्यावर पडणारा, माणसाला माणसाचं ऐकू येऊ नये असा. मग बाईचा आवाज, तमिळमधून, भराभर. देवीदास म्हणाला, "हमजा फी शुगल." हमजा कामावर आहे. बाई थांबली. पाच वर्षं कुवैतमध्ये एका घरी कामाला असलेली ती, आणि अठरा वर्षं कतारात घासलेला हा. दोघांच्या मध्ये तेवढं मोडकंतोडकं अरबी होतं.

"माय वाजिद," ती म्हणाली. पाणी फार. नदी घराजवळ आली होती, पोफळींच्या बुंध्याशी पाणी होतं. शेजारी सगळे वरच्या शाळेत गेले. "हमजा गूल, ला रूह." हमजा म्हणाला, जाऊ नको. सासू आजारी. तू हमजाला विचार, ती पुन्हा पुन्हा म्हणत होती. जाऊ का, तेवढं विचार.

पोफळीच्या बुंध्याशी पाणी म्हणजे काय, हे कळायला देवीदासला बातम्यांची गरज नव्हती. त्या क्षणी त्याला हमजाचाही राग आला, श्रेयसचाही, आणि सगळ्यांत जास्त आबांचा. विचारत बसू नका हो, तोडा तो माड! पण हे आता कुणाला सांगणार?

"हमजा गूल, रूह," तो ओरडला. "अल-हीन!" हमजा म्हणतो जा. आत्ता.

"हमजा गूल?"

"ऐवा. हमजा." हो, हमजाच.

पावसात बाई थोडी घुटमळली. मग तिने विचारलं, "वल्ला?"

देवाशप्पथ? देवीदास तापट होता, तोंडाळ होता, पण शपथ त्याने जन्मात खोटी घेतली नव्हती. इथे तर दुसऱ्याच्या देवाची घ्यायची होती. "वल्ला," तो म्हणाला. "यल्ला, रूह!"

फोन कट झाला. त्याने लगेच उलटा लावून बघितला, तर लागेना. मग तो खुर्चीत बसला आणि चिठ्ठीवर ती वेळही लिहिली.

पाच वाजता हमजा बिल्ला घेऊन आला तेव्हा देवीदासने काही लपवलं नाही. काय विचारलं, काय सांगितलं, कुणाच्या नावावर सांगितलं, सगळं. हमजाचा गोड चेहरा पांढराफटक पडला.

"मेरा नाम लेके? मेरी माँ चल नहीं सकती. आप कौन होते हैं, काका?"

हमजाने रात्रभर फोन लावला, दुसऱ्या दिवशी लावला, तिसऱ्या सकाळपर्यंत लावला. लागेना. लंकेच्या कुणाचाच लागेना. देवीदासने ते दोन दिवस डाळभात समोर घेऊन नुसता चिवडला. एका आजारी म्हातारीला आपण वादळात घराबाहेर काढलं. तिच्यासाठी काढलं, की स्वतःच्या बापाचं ओझं हलकं व्हावं म्हणून? ती वाटेत गेली असेल तर? या विचाराने तो आतून पार हादरला होता. बाहेरून मात्र रांगेवर नेहमीपेक्षा जास्त खेकसत होता.

तिसऱ्या दिवशी दुपारी मरियमचा फोन लागला, नि हसावं की रडावं तेच कळेना. वादळाला नाव मिळालं, पण ते शहाण्यासारखं बाणाच्या मागे मागे उत्तरेला गेलं आणि समुद्रातच विरलं. नदी हमजाच्या घराच्या खालच्या पायरीपर्यंत आली आणि माघारी गेली. घर जिथल्या तिथे. भिंतीला ओलसुद्धा नाही. म्हातारीला खुर्चीत बसवून चौघांनी वर नेलं, ती भिजली, तिला खोकला झाला, आणि शाळेच्या बाकावर दोन रात्री झोपून ती कतारातल्या त्या कुणा काकाला शिव्या घालत होती.

यार्डात हशा पिकला. फोरमन आफताबने खिडकीशी येऊन विचारलं, "काका, आज धूप है कि छाता लाऊँ?" पोरांनी देवीदासचं नाव हवामान खातं ठेवलं. हमजा हसला नाही. तो फोन पूर्ण बंद करून द्यायला लागला, आणि देवीदासने खणात ठेवला की खिडकीतून हात घालून स्वतः पालथा करायला लागला. चेष्टेने देवीदासला काही झालं नव्हतं. हे लागलं.

कुणीतरी वर कळवलंच. श्रेयस कागद घेऊन आला. इंग्रजीत टाइप केलेला, खाली सहीची जागा.

"काका, वेस्ट बेच्या हेड ऑफिसमधून विचारणा झालीये. कामगाराचा फोन उचलणं, खोटा निरोप देणं, दोन्ही टर्मिनेशनची कारणं आहेत. मी कसंबसं मिटवलंय. एवढंच लिहिलंय की माझी चूक झाली आणि पुन्हा असं करणार नाही. सही करा, खलास."

देवीदासने चष्मा लावला, कागद वाचला, चष्मा काढला.

"पहिलं वाक्य खोटं हाय. दुसरं तर त्याहून खोटं."

"काका, प्लीज. निशिगंधाचं शेवटचं वर्ष आहे ना नर्सिंगचं? मुलीचा तरी विचार करा. आणि शेवटी काय झालं सांगा बरं? घर पडलंच नाही!"

"नाय पडलं ना? मग पेढे वाट! तू काय बोलतोस कळतंय का तुला? घर पडायला पायजे व्हतं, म्हंजे माझी सही माफ?"

"तसं नाही..."

"तसंच. त्या फॉर्मवर लिवलंय तसंच. कुणी मेला तर फोन द्या. बाळा, माझ्या बापानं मला अठरा येळा फोन केला व्हता. याच भिंतीत. पालथा पडला व्हता फोन." देवीदासने एकशे बारा नंबरकडे बोट दाखवलं आणि जे चार वर्षांत कुणाला सांगितलं नव्हतं ते उभ्या उभ्या सांगितलं. माड, गोठा, गाय, अकरावा दिवस. आवाज न चढवता. श्रेयसला ओरडणारा देवीदास परवडला असता.

मग त्याने कागद उलटा केला आणि मागच्या कोऱ्या बाजूवर, शाळेत शिकला होता तशा ठसठशीत अक्षरात, मराठीत लिहिलं. 'फोन वाजला. मी उचलला. मी खोटं बोललो ते खरं आहे. घर पडलं नाही याचा मला आनंद आहे. पुन्हा वाजला तर पुन्हा उचलीन. देवीदास धर्मा नाक्ती.' आणि खाली सही ठोकली.

"हे तिथे कुणाला वाचता येणार नाही, काका."

"मग तू वाचून दाखव. पुण्याचा ना तू?"

श्रेयसने कागदाची घडी केली. ती करायला त्याला बराच वेळ लागला. ती खिशात घालून तो गेला. आफताब दारातच होता, त्याने सगळं ऐकलं होतं. ती गोष्ट त्या संध्याकाळी जेवणाच्या ताटांवरून कॅम्पभर फिरली.

दुसऱ्या दिवशी पहाटे हमजा रांगेत पहिला उभा होता.

"फोन," देवीदास म्हणाला, खाली बघूनच.

हमजाने फोन दिला नाही. "कल मरियम से बात हुई," तो म्हणाला. "मैंने कहा, उस बूढ़े ने झूठ बोला था. वो बोली, मुझे मालूम था. तुम होते तो पहले अम्मी का पूछते. बोली, किसी को तो बोलना था कि जा."

देवीदासने वर बघितलं. हमजाने फोन खिडकीत ठेवला. तो चालू होता. पाठीवर पांढरी चिकटपट्टी होती आणि तिच्यावर पेनाने इंग्रजी अक्षरांत मरियमचं नाव, खाली नंबर. "बजे तो उठा लेना," तो म्हणाला. त्याने खिडकीतून हात आत घातला, फोन स्वतः सत्तेचाळीस नंबरच्या खणात ठेवला, उताणा, आणि बिल्ला घेऊन आत गेला.

त्याच्या मागचा त्याच्याच खोलीतला होता, त्याच्याही फोनला पट्टी. त्याच्या मागच्याच्याही. आफताबच्या फोनवर उर्दूत काही होतं, ते त्याने वाचून दाखवलं. पलीकडे कुणीतरी चिकटपट्टीचं अख्खं रीळ फिरवत होतं आणि ज्यांनी आदल्या रात्री लिहिलं नव्हतं ते एकमेकांच्या पाठीवर फोन टेकवून पट्टीवर लिहीत होते. कुणी बायकोचं नाव, कुणी भावाचं, एकाने गावच्या किराणा दुकानाचं. रांग पुढे सरकेना, शिफ्टला उशीर होऊ लागला. देवीदासने कुणालाही यल्ला म्हटलं नाही. त्याचे डोळे वाहत होते आणि ते तो सगळ्यांसमोर बाहीने पुसत होता, लाजला नाही.

वेस्ट बेहून उत्तर अजून यायचं होतं. ते काय येईल हे श्रेयसला ठाऊक होतं आणि देवीदासलाही थोडंफार ठाऊक होतं. सगळ्यांत शेवटी श्रेयस खिडकीशी आला. नियम साहेबांनाही होता. त्याने फोन पुढे केला. पाठीवर पट्टी होती आणि पट्टीवर एकच शब्द, 'आई'.

देवीदासने चष्मा कपाळावर सरकवून ती पट्टी निरखली.

"आई कुणाची? हितं दोनशे जणांच्या आया हायत. नाव लिही नीट, नि नंबर. मी नसलो तर जो बसेल त्याला कळाया पायजे."

श्रेयसने पेन घेतलं आणि खाली लिहिलं, सरोज, कोथरूड, मग नंबर. देवीदासने फोन खणात ठेवला, काच वर करून.